चिपी विमानतळाचा रिव्ह्यू: धावपट्टी अडीच किलोमीटरची, विमानं मोजकी

पुणे-सिंधुदुर्ग विमानाने गावी जाऊन आलो आणि तेव्हापासून ऑफिसात, सोसायटीत, गाववाल्यांच्या ग्रुपवर सगळे एकच विचारतायत की कसं आहे, तिकीट काढावं का, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. नुसत्या फ्लाइटबद्दल नाही, चिपीच्या, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या विमानतळाबद्दलच लिहायचंय, कारण आमच्या जिल्ह्याने या विमानतळाची फार वर्षं वाट बघितली आणि आज त्याची जी अवस्था आहे ती बघून जीव तुटतो. हे फेब्रुवारी 2025 मध्ये लिहितोय, त्यामुळे टाइमटेबल पुढे बदललेलं असू शकतं, तिकीट काढताना स्वतः बघून घ्या.

निकाल आधीच सांगून टाकतो. विमानतळ चांगला आहे, स्वच्छ आहे, गर्दी नाही, माणसं नीट वागतात. पुण्याहून जाणाऱ्याला तर मी म्हणेन डोळे झाकून जा, फक्त परतीच्या दिवशी ऑफिसात महत्त्वाची मीटिंग ठेवू नका. मुंबईवाल्यांसाठी मात्र सध्या चिपीचा काही उपयोग नाही, आणि माझ्या मते विमानतळाचं सगळं दुखणं तिथेच आहे.

प्रवासाचं सांगतो. फ्लाय91 नावाची गोव्यातली कंपनी आहे, मार्च 2024 मध्ये सुरू झाली, गोव्याचा मोपा विमानतळ हा त्यांचा मुख्य तळ. त्यांनी आधी बेंगळुरू आणि हैदराबाद चिपीला जोडलं आणि मग 31 ऑगस्ट 2024 पासून पुणे, म्हणजे गणपतीच्या अगदी तोंडावर. सुरुवातीला फक्त शनिवार-रविवार होतं आणि सुरुवातीची ऑफर 1,991 रुपयांची होती. आता गणपतीत स्लीपर बसवाले काय भाव लावतात हे ज्याला माहितीये त्याला या आकड्याची किंमत कळेल. विमान एटीआर 72, पंख्यांचं, सत्तरच्या आसपास सीट. ज्यांनी फक्त मोठ्या जेटमधून प्रवास केलाय त्यांना पहिल्यांदा जरा धाकधूक होते, आवाज जास्त येतो, चढायचं मागच्या दारातून, छोट्या शिडीने. पण या विमानाचे पंख वर असतात, खिडकीच्या खाली नसतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक खिडकीतून खालचं सगळं दिसतं आणि हे विमान फार उंच जात नाही. पुण्यातून निघालं की जरा वेळात सह्याद्रीच्या कडा, मग एकदम जमीन खाली उतरते आणि तांबूस सडे, म्हणजे कातळाचे सपाट माळ, त्यात हिरव्या बागा, खाड्या. तारकर्ली-देवबागची ती समुद्र आणि कर्लीच्या खाडीमधली जमिनीची चिंचोळी पट्टी वरून दिसते तेव्हा विमानात सगळे फोन बाहेर काढतात. खिडकीची सीट घ्याच, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

पुण्यापासून तासाभरात तुम्ही चिपीत. गाडीने हेच अंतर कोल्हापूरमार्गे आंबोली नाहीतर फोंडा घाट उतरून आठ-नऊ तास जातात, गगनबावड्याचा करूळ घाट तर 2024 च्या जानेवारीपासून कामासाठी बंदच होता. पुण्याहून कुडाळ-सावंतवाडीला रोजची थेट रेल्वे नाही. त्यामुळे पुण्यातल्या सिंधुदुर्गकरांसाठी हे विमान म्हणजे चैन नाही, घरी म्हातारे आईबाप असलेल्या माणसाची ती गरज आहे. माझी आई गावी एकटी राहते. पूर्वी तिला बरं नाही असा फोन आला की रात्रभर बसमध्ये बसून जायचं आणि पोचेपर्यंत जीव टांगणीला लागलेला असायचा, आता किमान विमानाच्या दिवशी फोन आला तर दुपारच्या जेवणाला तिच्यासमोर बसता येतं.

टर्मिनलबद्दल. साधारण दहा हजार चौरस मीटरची इमारत आहे, जाणारे दोनशे आणि येणारे दोनशे प्रवासी एकावेळी सांभाळता येतील अशी बांधलेली. धावपट्टी 2,500 मीटरची. म्हणजे एअरबस ए320 किंवा बोईंग 737 इथे आरामात उतरू शकतं, अशी तीन विमानं एकावेळी उभी करायला जागा आहे. जवळपास 520 कोटी खर्च झालेत. आणि या एवढ्या मोठ्या जागेत आम्ही उतरलो ते एका सत्तर सीटच्या विमानातून, सामान आलं पाच-दहा मिनिटांत, बाहेर आलो तेव्हा पार्किंगमध्ये मोजक्या गाड्या. परत येतानाही तेच, चेक-इनला रांग अशी नाहीच. माझ्यापुढे एक काकी होत्या, मुलीकडे पुण्याला चाललेल्या, पिशवीत ओले काजूगर, सोलं, कुळथाचं पीठ, वजन मर्यादेच्या थोडं वर गेलं. काउंटरवरच्या मुलीने काकींना बाजूला घेऊन पिशवी नीट उघडून काजूगरांचा डबा हातातल्या बॅगेत ठेवायला लावला, स्वतः मदत केली, आणि कुठेही आवाज चढवला नाही. मालवणीतच बोलत होती. मोठ्या विमानतळावर हे होत नाही. इथे काम करणारी बरीच मुलं-मुली आजूबाजूच्या गावातली आहेत असं बोलण्यावरून जाणवतं आणि ती मनापासून काम करतात. स्टार द्यायचे तर इमारत आणि माणसं यांना मी पाचपैकी साडेचार देईन, उगाच हात आखडणार नाही.

मग अडतंय कुठे, तर विमानंच येत नाहीत.

थोडा मागचा इतिहास सांगायला हवा, कारण पुण्यातल्या बऱ्याच जणांना वाटतं की हा विमानतळ कालपरवा झाला. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून विमानतळ हा शब्द आम्ही ऐकतोय. चिपी-परुळ्याच्या सड्यावर जागा ठरली, एमआयडीसीने आयआरबी कंपनीला बांधायला आणि चालवायला दिला, वर्षं जात राहिली. सप्टेंबर 2018 मध्ये गणपतीच्या दिवसांत पहिलं चाचणीचं विमान उतरलं, त्यातून गणपतीची मूर्ती आणली होती, तो दिवस जिल्ह्यातलं कोणी विसरलेलं नाही. मार्च 2019 मध्ये टर्मिनलचं उद्घाटन झालं. आणि प्रवाशांना घेऊन विमान सुरू झालं ते 9 ऑक्टोबर 2021 ला. म्हणजे टर्मिनलची फीत कापल्यावर अडीच वर्षांनी! त्या दिवशी मुख्यमंत्री, केंद्रीय मंत्री सगळे व्यासपीठावर होते. अलायन्स एअरचं मुंबई-सिंधुदुर्ग, उडान योजनेखाली (छोटी शहरं स्वस्त विमानाने जोडायची केंद्राची योजना), एटीआर विमान. बॅरिस्टर नाथ पै यांचं नाव विमानतळाला द्यायचंही पुढे ठरलं, वेंगुर्ल्याचा हा माणूस संसदेत कोकणासाठी बोलायचा, त्यांचं नाव असलेल्या विमानतळावर विमानं नसावीत हे मला फार लागतं.

मुंबईचं ते विमान ऑक्टोबर 2024 मध्ये बंद झालं. तीन वर्षं झाली, उडानची मुदत संपली, विमान संपलं.

हे असं का होतं ते समजून घ्या कारण फक्त आपल्याकडेच झालेलं नाही. उडान योजनेत कंपनीला एका रूटवर तीन वर्षं सरकार पैसे देतं, तोटा भरून काढायला, बदल्यात कंपनीने निम्म्याच्या आसपास सीट ठरलेल्या कमी भाड्यात विकायच्या आणि त्या तीन वर्षांत सरकार त्या रूटवर दुसऱ्या कंपनीला येऊ देत नाही. राज्य सरकार इंधनावरचा व्हॅट 1 टक्क्यावर आणतं आणि सबसिडीतला आपला वाटा भरतं. कागदावर छान आहे. कल्पना अशी की तीन वर्षांत लोकांना सवय लागेल, मग सबसिडी काढली तरी विमान भरून जाईल. पण कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेने, 2023 मध्ये या योजनेचा जो अहवाल दिला त्यातले आकडे बघा, उडान-3 पर्यंत 774 रूट दिले गेले, त्यातले 371 च सुरू झाले, त्यातल्या 112 रूटनी तीन वर्षं पूर्ण केली आणि तीन वर्षांनंतरही चालू राहिले फक्त 54. आपला मुंबई-चिपी तीन वर्षं पूर्ण करून मग बंद पडलेल्यांमध्ये जाऊन बसला.

सवय का लागली नाही? इथे मला आमच्याच लोकांचा राग येत नाही, कारण सवय लागायला गोष्ट नेमाने व्हावी लागते. मालवणच्या माणसाने मुंबईच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतलीये, आणि विमान येईल की नाही हे आदल्या दिवसापर्यंत खात्रीने सांगता येत नाही, तर तो काय करेल? कोकणकन्या एक्सप्रेसचं तिकीट काढून ठेवेल, तुतारी एक्सप्रेसचं काढेल, वेटिंग असलं तरी काढेल. आणि एकदा विमान रद्द झालं की तो माणूस पुढे वर्षभर सगळ्यांना सांगतो, चिपीच्या भानगडीत पडू नको. लहान कंपन्यांकडे विमानंच थोडी असतात, एक बिघडलं की ताण येतो आणि सगळ्यात आधी कुठली फेरी काढायची तर जिथे दिवसातून एकच फेरी आहे ती. मोठ्या शहरात एक फ्लाइट गेली तर दोन तासांनी दुसरी असते. चिपीत एक गेली की दिवस गेला.

त्यात नाईट लँडिंग नाही. हा मुद्दा लोकांना छोटा वाटतो पण सगळ्यात मोठा हाच आहे. रात्री विमान उतरवायची सोय नाही म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघता येत नाही आणि रविवारी संध्याकाळी उशिरा परत येता येत नाही, म्हणजे नोकरी करणाऱ्या चाकरमान्याला जी वेळ हवी तीच नाही. कंपनीच्या बाजूनेही बघा, विमान दिवसभर फिरवायचं असतं, चिपीला द्यायला त्यांच्याकडे फक्त उजेडातली वेळ, आणि तीच वेळ सगळ्या विमानतळांना हवी असते. पावसाळ्यात ढग खाली आले की पायलटला उतरता येत नाही, मग विमान मोपाला जातं नाहीतर निघतच नाही. कोकणात पाऊस चार महिने. आणि गणपती बहुतेक पावसातच येतात, म्हणजे वर्षात जेव्हा विमान भरून जाईल अशी हमी असते नेमकं तेव्हाच हवामानाची खात्री नाही.

गणपतीवरून आठवलं, मोठ्या विमान कंपन्यांच्या माणसांना एक गोष्ट फार सतावते, कोकणातली गर्दी एकतर्फी असते. चतुर्थीच्या आधी चार दिवस मुंबईहून प्रत्येक सीट जाईल, पण परतीचं विमान रिकामं. गौरी-विसर्जन झालं की उलटं. शिमग्याला तेच, आंगणेवाडीच्या जत्रेला तेच, मे महिन्यात तेच. कंपनीला दोन्ही बाजूंनी आणि बाराही महिने प्रवासी लागतात. 2011 च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाख होती, आणि त्यातली कमावती पोरं बहुतेक मुंबई-पुण्यात. मग बाराही महिने कोण येणार, तर पर्यटक. मालवणचं स्कूबा, तारकर्ली, देवबाग, भोगवे, निवती, वेंगुर्ला, रेडी, किती नावं घेऊ. पण पर्यटक येतात ते गाडीने किंवा गोव्यात उतरून. इथे होमस्टे खूप आणि चांगले आहेत, जेवण तर विचारूच नका, पण एका विमानातून शंभर माणसांचा ग्रुप घेऊन येणाऱ्या टूरवाल्याला एकाच ठिकाणी खोल्या लागतात आणि तेवढी मोठी हॉटेलं जिल्ह्यात फारशी नाहीत. शिरोडा-वेळागरच्या पंचतारांकित हॉटेलचं तर मी लहानपणापासून ऐकतोय.

आणि मग मोपा. 11 डिसेंबर 2022 ला गोव्याच्या मोपा विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 5 जानेवारी 2023 पासून तिथे विमानं सुरू झाली. चिपीचं विमान सुरू होऊन तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालेलं. मोपा म्हणजे पेडणे तालुका, आमच्या बांद्याच्या पलीकडे, सावंतवाडीच्या माणसाला तर चिपीपेक्षा मोपाच सोयीचं. नॅशनल हायवेवरून थेट मोपापर्यंत मोठा रस्ता झालाय. तिथे मुंबईला दिवसभरात कितीतरी विमानं, मोठी जेट, रात्रीची सुद्धा, दिल्ली आहे, हैदराबाद आहे, परदेशातली सुद्धा आहेत. एक विमान चुकलं तर दुसरं. आमच्या कुडाळचा माणूस नकाशावर बघतो, चिपी पाऊण तास आणि मोपा सव्वा-दीड तास, आणि तो मोपालाच जातो, कारण तिथे विमान असणार याची त्याला खात्री आहे. मी त्याला चूक म्हणणार नाही. पण यातला दुष्टचक्राचा भाग असा की तो मोपाला गेला की चिपीच्या आकड्यात दिसत नाही, आणि कंपनी म्हणते सिंधुदुर्गला मागणी नाही. मागणी आहे हो! मोपाच्या पार्किंगमध्ये एमएच 07 च्या, म्हणजे सिंधुदुर्गच्या गाड्या बघा जाऊन, तिथे सापडेल मागणी.

चिपीहून घरी जाताना टॅक्सी केली, टॅक्सीवाल्याने परुळ्याच्या वळणावर गाडी चालवता चालवता जे सांगितलं ते मला कुठल्याही रिपोर्टपेक्षा नीट कळलं. म्हणाला, "मोपाक गाडी लावली तर दिवसाक दोन-तीन भाडी गावतत, हयसर एक इमान येता नि एक जाता, त्यातली अर्धी लोका घरच्या गाडयेन जातत. मगे आमी खंयचा घर चालवचा?" त्यामुळे इथे टॅक्सी कमी आणि म्हणून भाडं जास्त. मला सांगितलेलं भाडं आणि उतरल्यावर मागितलेलं भाडं यात फरक पडला, वाद नको म्हणून दिलं, पण तुम्ही आधी पक्कं ठरवून घ्या आणि शक्यतो घरच्या कोणाला बोलवा.

इथे मी सगळ्यात कमी स्टार देईन, विमानतळातून बाहेर पडल्यावरच्या सोयीला. कुडाळ स्टेशन, कुडाळ एसटी स्टँड, मालवण, वेंगुर्ला, या तीन-चार दिशांना विमानाच्या वेळेला एकेक एसटी सोडायला किती खर्च येतो? विमानाची वेळ माहितीये, प्रवासी किती येणार ते माहितीये. पर्यटक पाठीवर बॅग टाकून बाहेर येतो आणि त्याला विचारावं लागतं की मालवणला कसं जायचं, तर त्याच्या मनात तिथेच येतं की पुढच्या वेळी गोवाच बरा. रस्ते पण बघा, कुडाळहून पिंगुळी-म्हापण करत येताना रस्ता गावातून जातो, अरुंद आहे, दोन मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की एकीने थांबायचं. सुंदर आहे, दोन्ही बाजूंनी माड आणि काजू, मला तर तो रस्ता फार आवडतो, पण सहाचं रिपोर्टिंग असलेल्या माणसाला सौंदर्य नको असतं.

मी कोल्हापूरशी तुलना करतो तेव्हा गावचे लोक चिडतात पण करायलाच पाहिजे. कोल्हापूरच्या उजळाईवाडीचं विमानतळ राजाराम महाराजांच्या काळातलं, मधली कितीतरी वर्षं ओस पडलेलं, धावपट्टी आपल्यापेक्षा लहान. 2018 मध्ये तिथे उडानमधून परत विमान सुरू झालं, सुरुवातीला तिथेही मुंबईच्या फ्लाइटचा खेळखंडोबाच होता. पण हैदराबाद-बेंगळुरू टिकलं, तिरुपती सुरू झालं आणि ते तुफान चाललं कारण अंबाबाईला आलेला माणूस तिरुपतीला जातो आणि तिथला इकडे येतो, दोन्ही बाजूंनी गर्दी. नाईट लँडिंग आलं, मार्च 2024 मध्ये नवीन टर्मिनल झालं. तिथे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसी आहेत, फाउंड्रीवाला मंगळवारी पण प्रवास करतो, त्याला सणाशी देणंघेणं नाही. आपल्याकडे तसा मंगळवारचा प्रवासी नाही हे मान्य. पण कोल्हापूरकरांनी एक गोष्ट केली ती आपण केली नाही, तिथले व्यापारी, उद्योजक, खासदार-आमदार, सगळे वर्षानुवर्षं एकाच मागणीच्या मागे लागून राहिले. आपल्याकडे उद्घाटनाला सगळे होते. विमान बंद झालं तेव्हा निवेदनं आली, आंदोलनाचे इशारे आले आणि मग पुढच्या आठवड्यात दुसरा विषय.

मुंबईचा प्रश्न वेगळा आहे हेही सांगतो. मुंबई विमानतळावर उतरायला-उडायला वेळ मिळणं, म्हणजे स्लॉट, ही सोन्यासारखी गोष्ट झालीये. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, एकावेळी एकच वापरता येते, त्यामुळे सत्तर सीटच्या एटीआरने घेतलेला स्लॉट म्हणजे दोनशे सीटच्या जेटचा गेलेला स्लॉट. कुठली कंपनी स्वतःहून चिपीसाठी तो देईल? म्हणून मला नवी मुंबईकडून आशा आहे. तिथे डिसेंबर 2024 मध्येच इंडिगोचं ए320 उतरवून चाचणी झालीये, 2025 मध्ये सुरू होईल असं सांगतायत. तिथे सुरुवातीला स्लॉटची मारामारी नसणार. आणि आमचे कोकणातले लोक राहतात कुठे? पनवेल, कामोठे, डोंबिवली, कल्याण, ठाणे, दिवा. माझी बहीण डोंबिवलीत राहते, तिला अंधेरीला जाण्यापेक्षा नवी मुंबई कधीही सोपं. नवी मुंबईचं वेळापत्रक ठरत असताना चिपीचं नाव पहिल्या यादीत घालून घेणं हे आत्ताच करायचं काम आहे, नंतर तिथेही रांग लागेल आणि मग आपल्याला परत सांगतील जागा नाही.

आणि राज्य सरकारने पैसे द्यावेत, उघड बोलतो. तीन वर्षांची केंद्राची मदत संपली म्हणून विमान बंद होऊ द्यायचं हे मला पटत नाही. 520 कोटींचा विमानतळ उभा करायचा आणि वर्षाला त्या मानाने किरकोळ रक्कम द्यायची नाही, मग तो उभा केला कशाला? फक्त पैसे देताना अट बदला. आत्ता फेरी झाली की पैसे मिळतात. माझ्या मते वेळेवर झालेल्या फेरीला जास्त पैसे द्या, रद्द झालेल्या फेरीला दंड लावा, आणि रद्द झालीच तर प्रवाशाला मोपाहून त्याच दिवशी पाठवायची जबाबदारी कंपनीवर टाका, मोपा काही चंद्रावर नाही. लोकांना एकदा कळलं की चिपीचं तिकीट काढलं म्हणजे आज ना उद्या असं नाही, आजच पोचतो, की बघा कशी गर्दी होते ती. आणि मोठ्या जेटच्या मागे लागू नका एवढ्यात. दोनशे सीटचं विमान आठवड्यातून दोनदा येण्यापेक्षा सत्तर सीटचं रोज, ठरलेल्या वेळी, सकाळी आणि दुपारी यावं. धावपट्टी मोठी आहे म्हणून विमानही मोठंच पाहिजे असा हट्ट काही पुढारी धरतात, तो चुकीचा आहे.

फ्लाय91 चं मात्र मला कौतुक आहे. मोपा त्यांचं घर असूनही त्यांनी शेजारच्या चिपीला तीन शहरं जोडली. बेंगळुरू-हैदराबादमध्ये आयटीत असलेली आमच्याकडची बरीच पोरं आता थेट येतात. ऑफिसातल्या एका हैदराबादी सहकाऱ्याला मी चिपीत उतरायला सांगितलं, तो बायको-मुलांना घेऊन तीन दिवस मालवणला राहून आला आणि आता त्याच्या बिल्डिंगमधले आणखी दोघं विचारतायत. अशीच माणसं वाढतात. पण एक लक्षात ठेवा, एका बुकिंग ॲपवर मी शोधलं तेव्हा सिंधुदुर्ग टाकल्यावर आधी गोवाच दाखवत होतं, खाली जाऊन बघावं लागलं. विमानतळाचा कोड एसडीडब्ल्यू आहे, तो टाका म्हणजे थेट सापडेल, नाहीतर कंपनीच्या साइटवरून काढा.

आता कोणी तिकीट काढावं ते सांगतो. पुण्यातले कुडाळ, मालवण, वेंगुर्ला, परुळे, म्हापण, कणकवली या भागातले असाल तर नक्की काढा. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गवाल्यांनी मोपाचं भाडं आणि चिपीचं भाडं टॅक्सीसकट धरून बघा, कधी हे स्वस्त पडतं कधी ते. देवगड-वैभववाडीवाल्यांना चिपी लांब पडतं, त्यांनी विचार करून घ्या. जून ते सप्टेंबर प्रवास असेल तर परतीच्या तारखेत एक दिवस मोकळा ठेवा. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जात असाल तर व्हीलचेअर आधी सांगून ठेवा, टर्मिनलमध्ये चालायचं अंतर अगदी कमी आहे पण एटीआरची शिडी अरुंद असते. माझ्या आईला यावेळी पुण्याला घेऊन आलो, पहिलाच विमानप्रवास तिचा, शिडीवर कंपनीच्या मुलाने हात धरला आणि वर जाईपर्यंत सोडला नाही. खिडकीतून खाडी बघून ती म्हणाली, "ह्या आपला परुळा? इतक्या लवकर खाली गेला?"

स्टारचा हिशोब: इमारत आणि कर्मचारी साडेचार, पुण्याची फ्लाइट चार, विमानतळापासून पुढे जायची सोय दीड, मुंबई शून्य. मुंबई रोजची सुरू झाली आणि सहा महिने न चुकता चालली की मी इथेच येऊन रेटिंग बदलेन. तोपर्यंत आपल्या गावच्या ग्रुपवर नुसतं फॉरवर्ड करत बसू नका, जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि आपापल्या आमदाराला दोन ओळींचं पत्र टाका: विमानाच्या वेळेला एसटी आणि नवी मुंबईचा स्लॉट. दोनच मागण्या लिहा, जास्त नको.